टँकरचालकाचं सक्तीचं प्रशिक्षण

कोणाला लागू

अवजड वाहनाचं लायसन्स हातात आलं, एवढ्यावर कोणालाही पेट्रोलचा, क्लोरीनचा किंवा आम्लाचा टँकर चालवता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या नियम 9 प्रमाणे धोकादायक माल नेणाऱ्या चालकाला तीन दिवसांचं वेगळं प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवावं लागतं. एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता यावी, अशीही अट आहे. तारापूर, पाताळगंगा, लोटे इथल्या कारखान्यांत ये-जा करणारे रसायनांचे टँकर असोत की डेपोतून पंपावर जाणारी इंधनाची गाडी, नियम एकच.

पहिले दोन दिवस

पहिल्या दोन दिवसांत अपघातांची कारणं, ब्रेक मारल्यावर गाडी थांबेपर्यंतचं अंतर, रात्रीचं ड्रायव्हिंग, रेल्वे फाटक, निघण्याआधीची तपासणी असे विषय येतात. प्रत्यक्ष गाडीवरचा सरावही अभ्यासक्रमात आहे, एका वेळी एकच चालक.

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ उताराला द्यायला हवा. भरलेली गाडी सतत पायाच्या ब्रेकवर उतरवली की ब्रेक तापतात आणि ऐन वेळी धरत नाहीत. म्हणून गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवायची, तिला इंजिनाने आवरायचं. तरीही डिझेल वाचवायला न्यूट्रल करून गाडी सोडणारे आहेत. पुण्यात कात्रज बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावरच्या अपघातांनंतर या सवयीची चर्चा वारंवार झाली आहे. टँकरचं आणखी एक दुखणं म्हणजे अर्धवट भरलेली टाकी. आतलं द्रव वळणावर एका बाजूला धावतं आणि गाडी कलंडू शकते.

तिसरा दिवस: पाटी वाचायला शिकणं

टँकरच्या दोन्ही बाजूंना आणि मागे आपत्कालीन माहितीची पाटी असते. पेट्रोलच्या टँकरवर 1203 हा माल ओळखण्याचा आकडा दिसतो. डिझेलचा 1202, क्लोरीनचा 1017. पेट्रोलच्या पाटीवर ‘3 वाय ई’ असाही संकेत असतो. 3 म्हणजे आग विझवायला फेस वापरा. वाय म्हणजे श्वसनसंच घाला, सांडलेलं द्रव अडवा, गटारात-ओढ्यात जाऊ देऊ नका. ई म्हणजे आसपासची माणसं हलवण्याचा विचार करा. केबिनमध्ये ट्रेमकार्ड ठेवणं चालकावर बंधनकारक आहे. त्या मालाचा धोका, प्रथमोपचार आणि गळती झाल्यास काय करायचं, हे त्यात लिहिलेलं असतं.

टँकर उलटला की माणसं डबे-कॅन घेऊन धावतात, हे आपल्याकडे अनेकदा घडलं आहे. अग्निशमन दल पोचेपर्यंत ‘लांब व्हा, विडी विझवा, गाड्या बंद करा’ हे ओरडून सांगणारा तिथे चालकच असतो, तोही बहुधा जखमी. अपघाताची खबर जवळच्या पोलीस ठाण्यात देणं हेही त्याचंच काम. हा प्रसंग वर्गात फळ्यावर शिकवून भागत नाही, तो करून घ्यावा लागतो.

उजळणी

पूर्वी धोकादायक माल नेण्याचं लायसन्स एकच वर्ष चालायचं आणि नूतनीकरणासाठी एक दिवसाचा रिफ्रेशर मोटार वाहन कायद्यातच सांगितला होता. 2019 च्या दुरुस्तीने मुदत तीन वर्षांची झाली आणि नूतनीकरणाच्या अटी ठरवण्याचं काम केंद्राच्या नियमांवर सोपवलं गेलं. चालकांचे हेलपाटे वाचले, हे खरं. पण अग्निशामक नळकांडं तीन वर्षांत एकदाही न हाताळलेल्या माणसाचा हात आगीसमोर चालेल, याची मला खात्री वाटत नाही. माल पाठवणारा आणि गाडीमालक या दोघांवरही चालक प्रशिक्षित असल्याची खातरजमा करण्याची जबाबदारी नियमांनी टाकली आहे. ती प्रमाणपत्राची झेरॉक्स फाइलला लावून संपत नाही.

बाकीचे ट्रक

कांदा, सिमेंट, सळया नेणाऱ्या चालकाला मात्र ठरावीक काळाने असं काहीच शिकावं लागत नाही. घाट आणि झोप त्यालाही तितकीच घातक असते. युरोपीय संघाच्या निर्देशानुसार व्यावसायिक ट्रकचालकाला, काही अपवाद सोडता, दर पाच वर्षांनी 35 तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. त्याची नोंद लायसन्सवर 95 या संकेताने होते. आपल्याकडेही व्यावसायिक लायसन्सची मुदत आता पाच वर्षांची आहे. त्याच नूतनीकरणाला जोडून निदान दोन दिवस ब्रेक, उतार आणि विश्रांती यांवर गाडीवरच सराव घ्यावा, आणि त्या दोन दिवसांचा भत्ता मालकाने द्यावा. ट्रिपवर पोट असलेला चालक पदरचा रोज बुडवून वर्गात येणार नाही.