काळ्या ज्वारीपासून इंधन

मराठवाड्यात खरीप ज्वारीची कणसे दाणे पक्व होण्याच्या सुमारास पावसात सापडली म्हणजे त्यांवर बुरशी चढते व दाणा काळा पडतो. अशी ज्वारी भाकरीस चालत नाही आणि बाजारात तिचा भाव उतरतो. तथापि दाण्यातील पिष्ट बऱ्याच अंशी शिल्लक असते व त्यापासून इथेनॉल तयार करता येते. छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यातून धावणाऱ्या वाहनांच्या पेट्रोलमध्ये आज सुमारे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. मानवी आहारास अयोग्य ठरलेले धान्य या कामी वापरण्यास २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने मुभा दिलेली आहे.

उसाच्या मळीत साखर तयारच असते. पिष्ट म्हणजे मात्र ग्लुकोजच्या रेणूंची लांब साखळी होय. यीस्ट ती थेट आंबवू शकत नाही. म्हणून धान्य दळून पाण्यात कालवितात. ८५ ते ९५ अंश सेल्सिअस तापमानास अल्फा-अमायलेज हे विकर मिसळून लगदा पातळ करतात व पुढे ग्लुकोअमायलेज या विकराने पिष्टाची साखर करतात. थंड झालेले मिश्रण यीस्ट घालून दोन-तीन दिवस आंबविल्यावर ऊर्ध्वपातनाने सुमारे ९५ टक्के शुद्धतेचे इथेनॉल मिळते. उरलेले पाणी साध्या ऊर्ध्वपातनाने निघत नाही. ते विशिष्ट शोषक खड्यांच्या साहाय्याने काढावे लागते.

एक किलो शुद्ध पिष्टापासून सिद्धांततः सुमारे ०.७२ लिटर इथेनॉल मिळते. चांगल्या ज्वारीत पिष्टाचे प्रमाण साधारणतः ६५ ते ७० टक्के असते. काळ्या ज्वारीत ते घटलेले असू शकते. म्हणून तिचे मोल केवळ वजनावर न ठरविता पिष्टाची तपासणी करून ठरविणे योग्य होय.

याहून महत्त्वाची बाब चोथ्याची आहे. हा चोथा प्रथिनयुक्त असून पशुखाद्य म्हणून विकला जातो. परंतु काही बुरशींपासून उत्पन्न होणारी विषे ऊर्ध्वपातनात वाफेबरोबर जात नाहीत; ती चोथ्यातच राहतात. पिष्ट निघून गेल्यामुळे तेथे त्यांचे प्रमाण मूळ धान्याच्या सुमारे तिप्पट होऊ शकते. इंधन निर्दोष असले तरी चोथा तपासल्याशिवाय गुरांपुढे ठेवू नये.

२००७ मध्ये राज्याने धान्यापासून मद्यार्क तयार करण्यास प्रोत्साहन देण्याचे धोरण स्वीकारले, तेव्हा गरिबाच्या ताटातील अन्न कारखान्याकडे वळेल, अशी भीती अनेकांनी व्यक्त केली होती. ही भीती दूर ठेवावयाची तर खाण्यायोग्य व खराब धान्य यांतील सीमारेषा खळ्यावरच आखली गेली पाहिजे. काळी ज्वारी वेगळी काढावी, ती चांगली वाळवावी आणि चांगल्या ज्वारीत मिसळू नये. ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांनी ही माहिती सुगीपूर्वीच गावात पोहोचविली, तर शेतकऱ्याच्या हाती चार पैसे पडतील आणि भाकरीची ज्वारी भाकरीसाठीच राहील.