न पटणाऱ्या माणसांची मंडळी



तुमच्यापैकी पुष्कळ जण एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत विचारता. “ताई, प्रभूवर विश्वास आहे, पण मंडळीतली माणसं सहन होत नाहीत. दुसरीकडे जाऊ का?” पुण्यात हा प्रश्न विचारणं सोपं आहे, तिथे दुसरं मराठी चर्च सापडतं. इथे जयपुरात आम्ही मोजकी मराठी कुटुंबं हिंदी उपासनेला बसतो. शेजारच्या बाकावर केरळच्या नर्स, मागे बांसवाडा-डुंगरपूरकडून बांधकामावर आलेली भिल्ल कुटुंबं, पुढे तीन-चार पिढ्यांपासून इथेच असलेली जुनी घराणी. पर्याय कमी, त्यामुळे एक गोष्ट लवकर कळते. मित्र आपण निवडतो, भावंडं मिळतात तशी घ्यावी लागतात. आणि पवित्र शास्त्र आपल्याला एकमेकांचे बंधू-भगिनी म्हणतं.

फिलिप्पैकरांस पत्र आपण आनंदाचं पत्र म्हणून वाचतो. पण चौथ्या अध्यायाच्या सुरुवातीलाच पौल दोन बायकांची नावं घेतो, युवदीया आणि सुंतुखे. दोघींचं बिनसलं होतं. विचार करा, हे पत्र मंडळीसमोर मोठ्याने वाचलं गेलं असणार, आणि कदाचित दोघी तिथेच बसलेल्या! भांडण कशावरून होतं ते पौल सांगत नाही. कोण बरोबर, कोण चूक, तेही नाही. विनंती मात्र दोघींना वेगवेगळी करतो, ‘आधी तिने यावं’ असं म्हणायला जागा ठेवत नाही. मग एका तिसऱ्या सोबत्याला त्यांच्या मदतीला लावतो. आणि या दोघी सुवार्तेसाठी माझ्याबरोबर झटल्या आहेत, याची सगळ्यांना आठवण देतो. मला हे शेवटचं फार मोलाचं वाटतं. आपण काय करतो? एखाद्याने पंचवीस वर्षं केलेली सेवा मिटिंगमधल्या एका वाक्यापायी पुसून टाकतो.

आता आपल्या घरचं उदाहरण घेऊ. 29 नोव्हेंबर 1970 रोजी आपल्या नागपुरात सहा मंडळ्या एक झाल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सीएनआय, जन्माला आली. त्यात अँग्लिकन होते, युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया होती, बाप्टिस्ट, मेथडिस्टांची एक शाखा, ब्रदरन आणि डिसायपल्स होते. बोलणी सुरू झाली होती 1929 साली. एकेचाळीस वर्षं! बोलणी सुरू करणाऱ्यांपैकी किती तरी जण तो दिवस बघायला उरलेही नसतील.

सगळ्यात अवघड गाठींपैकी एक बाप्तिस्म्याची. अँग्लिकन तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देणार. बाप्टिस्ट म्हणणार, कळत्या वयात स्वतः विश्वास कबूल केल्याशिवाय नाही. हा किरकोळ फरक नव्हे. याच मुद्द्यावरून सोळाव्या शतकात युरोपात लोकांना बुडवून मारलं आहे. नागपुरात ठरलं ते असं, की दोन्ही पद्धती एकाच मंडळीत राहतील. कोणी आपला विश्वास खिशात घालून ठेवला नाही. पण स्वतःला न पटणारी पद्धत शेजारचा भाऊ प्रामाणिकपणे पाळतो, हे प्रत्येकाला मान्य करावं लागलं. इथे राजस्थानात 1860 साली ब्यावरला स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांनी काम सुरू केलं होतं. अँग्लिकन चर्चेस वेगळी होती. आज या दोन्ही परंपरांच्या मंडळ्या सीएनआयच्या एकाच राजस्थान डायसिसमध्ये आहेत.

गोड गोष्ट सांगून थांबायचं नाही म्हणून हेही सांगते. मेथडिस्ट चर्च इन सदर्न एशिया ही मोठी मंडळी बोलण्यांत होती, पण अगदी शेवटी बाहेर राहिली. गुजरातेतल्या ब्रदरन मंडळीच्या मालमत्तेचा वाद तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2013 साली त्यावर निकाल लागला. एकीचा ठराव झाला म्हणून मनं आणि सातबारा लगेच एक होत नाहीत.

आमच्या छोट्या मंडळीत करोनानंतर प्रभुभोजनाच्या प्याल्यावरून वाद पेटला. नर्स भगिनी म्हणाल्या, प्रत्येकाला छोटी कपी द्या, संसर्गाचा प्रश्न आहे. एक वडील म्हणाले, प्रभूने एकच प्याला दिला, तो आम्ही तोडणार नाही. दोघांचंही म्हणणं वजनाचं होतं. ज्या मेजाने एक व्हायचं, त्याच मेजावरून सात महिने घरं फुटली. शेवटी पाळकांनी दोन्ही ठेवलं, आधी एक प्याला, मग कप्यांचा ट्रे. ते वडील अजूनही रांगेत त्या नर्सबाईंच्या मागे उभे राहत नाहीत. पण त्यांचा बीपी वाढला तेव्हापासून दर दुसऱ्या रविवारी उपासनेनंतर तो मोजतात त्याच बाई. बोलणं फक्त गोळ्यांबद्दल होतं. यालाच मी प्रेम म्हणते. त्या बाईंना ते आवडतात की नाही, हे मी कधी विचारलेलं नाही.

मात्र ‘माणसं अपूर्ण असतात’ हे वाक्य पांघरुणासारखं वापरलं जातं, तिथे सावध राहा. चिडखोर स्वभाव, बेसूर गाणं, पुढेपुढे करणं, जुनं उकरून काढणं, हे सोसायचं. पण दानपेटीचा हिशेब कोणी दाखवत नसेल, किंवा एखाद्या मुलीला कोणाची भीती वाटत असेल, तर “एकी मोडू नका” म्हणून तिला गप्प बसवणं हे पाप आहे. अशा वेळी समेटाची बैठक बोलावू नका. मुलीला आधी सुरक्षित ठिकाणी न्या, पोलिसांकडे जा. हिशेब लेखी मागा.

बाकीच्या भांडणांसाठी मत्तयाच्या अठराव्या अध्यायात येशूने पायऱ्या सांगितल्या आहेत. आधी एकट्याने जा, मग एक-दोघांना बरोबर घेऊन, मग मंडळीपुढे. आपण बहुतेक तिसरी पायरी पहिली चढतो, आणि आता तर व्हॉट्सॲप ग्रुपवरच चढतो. पहिल्या पायरीवर, त्या माणसाच्या दारात उभं राहून नेमकं काय बोलायचं, ते पुढच्या भागात पाहू.