आज्ञावलींतील कुबट वास

कणगी उघडतांच कुबट वास आला म्हणून गृहिणी ज्वारी लगेच फेकून देत नाहीं. आंत हात घालून पाहते. संगणकाच्या आज्ञावलीचेंही तसेंच आहे. ती चालते, पण तिची ठेवण संशय उत्पन्न करते. अशा खुणेला केंट बेक यांनीं 'वास' हें नांव दिलें आणि मार्टिन फाउलर यांच्या १९९९ च्या ग्रंथानें तें रूढ झालें.

जपानचे युकिहिरो मात्सुमोतो यांनीं १९९५ सालीं प्रसिद्ध केलेल्या रूबी भाषेंत असे वास हुडकण्यास 'रीक' नांवाचें साधन आहे. (इंग्रजींत या शब्दाचा अर्थच दुर्गंधी!) तें आज्ञावली चालवून पाहत नाहीं, व्याकरणाचा शिक्षक वाक्याचें पृथक्करण करतो, तसें प्रत्येक मेथडचे, म्हणजे एका कामापुरत्या आज्ञांच्या गटाचे, अवयव मोकळे करून तपासतें.

नागापुरांतील एखाद्या विद्यार्थ्यानें परीक्षेच्या निकालाची मेथड लिहिली असें समजा. तिला गुण, हजेरी, इयत्ता व सवलत अशीं चार मूल्यें द्यावीं लागतात. आंत नऊ विधानें आहेत. एका चलाचें नांव नुसतें 'एक्स'. उत्तर बरोबर येतें. तरी रीक तीन तक्रारी करील. मुळांतील मर्यादेप्रमाणें त्यास तीनच मूल्यें व पांचच विधानें चालतात, आणि एकाक्षरी नांव तर मुळींच खपत नाहीं.

ही कटकट कशासाठीं? पुढें उत्तीर्णतेचा नियम बदलला, कीं ती मेथड बहुधा दुसऱ्याच कोणास दुरुस्त करावी लागते. 'एक्स' म्हणजे हजेरी कीं सवलत, हें त्यास उमगलें नाहीं, तर एखादें मूल विनाकारण नापास ठरेल.

मात्र रीकचें म्हणणें म्हणजे निवाडा नव्हे. तक्रार मिटविण्यापुरते चांगल्या मेथडचे तुकडे करणारेही मीं पाहिले आहेत. त्यांचें लिखाण वाचतांना दहा दारें उघडावीं लागतात. उलट, ठेवण नीटनेटकी असली तर गुणांची बेरीज चुकली तरी रीक गप्प बसतें. ती चूक मेथड प्रत्यक्ष चालवून, हातानें केलेल्या बेरजेशीं ताडूनच सांपडते.