बर्लिनचे वार्तापत्र : फोन आल्यानंतर

युगेंडआम्ट, म्हणजे जर्मनीचे बालक व युवक कल्याण खाते, हे नाव आपल्याकडे पोचले ते एका वाईट प्रकरणामुळे. सप्टेंबर 2021 मध्ये बर्लिनमधल्या एका गुजराती दांपत्याच्या सात महिन्यांच्या मुलीची जखम डॉक्टरांना संशयास्पद वाटली आणि खात्याने मूल ताब्यात घेतले. जखम अपघाताने झाली, असे आईवडील सांगत राहिले. फेब्रुवारी 2022 मध्ये त्यांच्यावरची फौजदारी चौकशी आरोप न ठेवताच बंद झाली, तरी जून 2023 मध्ये पांको इथल्या कुटुंब न्यायालयाने ताबा खात्याकडेच ठेवला. त्याच महिन्यात आपल्या 19 पक्षांच्या 59 खासदारांनी जर्मन राजदूतांना पत्र लिहिले. ‘मिसेस चॅटर्जी व्हर्सेस नॉर्वे’ तेव्हा नुकताच येऊन गेला होता, त्यामुळे युरोपातली सरकारे परक्यांची मुले हिरावून घेतात, असे चित्र आपल्याकडे पक्के झाले. महाराष्ट्राने फेब्रुवारी 2024 मध्ये बाडेन-व्यूर्टेम्बर्ग राज्याशी दहा हजार कुशल कामगार पाठवण्याचा करार केला आहे. वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांतली पोरे उद्या लेकराबाळांसह इकडे येतील, तेव्हा हे चित्र तपासून घेतलेले बरे. माझ्या मते ते अपुरे आहे. मूल उचलण्याचा अधिकार जवळपास प्रत्येक देशाच्या सरकारला आहे, आपल्याही. ‘सगळे ठीक आहे’ आणि ‘मूल उचला’ या दोन टोकांच्या मधे खात्याच्या हाती काय आहे, यावरून ते खाते जोखायला हवे.

इथली रीत अशी. शेजारी, शाळा, डॉक्टर, पोलीस, कोणीही कळवू शकतो, निनावीसुद्धा. माहिती गंभीर असेल तर धोका किती हे एकट्या अधिकाऱ्याने ठरवायचे नाही, अनेक जाणकारांनी मिळून ठरवायचे, असे सामाजिक कायद्याच्या आठव्या ग्रंथातले कलम 8अ सांगते. मुलाच्या सुरक्षेला बाध येत नसेल तर आईवडिलांना आणि मुलालाही त्यात सहभागी करून घ्यावे लागते. तातडीचा धोका असेल तर खाते मूल आधी हलवू शकते, पण पालकांनी हरकत घेतली की मूल परत द्यायचे किंवा विनाविलंब कुटुंब न्यायालयात जायचे, एवढेच दोन मार्ग उरतात. या सगळ्यातून काय निघते? 2022 मध्ये देशभरात सुमारे 2 लाख 3 हजार 700 प्रकरणे तपासली गेली. त्यांपैकी 62,300 मध्ये मूल धोक्यात असल्याचे आढळले. आणखी 68,900 घरांत धोका नव्हता, पण मदतीची गरज होती. उरलेल्या सत्तर हजारांहून अधिक प्रकरणांत काहीच आढळले नाही. धोक्याच्या प्रकरणांत सर्वांत मोठा वाटा मारहाणीचा नव्हता, हेळसांडीचा होता. हेळसांड म्हणजे बहुधा दारू, कर्ज, नैराश्य, एकटी पडलेली आई. अशा घरी आठवड्याला काही तास समाजकार्यकर्ता येतो, आईबरोबर बसून मुलाच्या झोपण्या-खाण्याची घडी बसवतो, कचेरीचे कागद भरून देतो. बाळ तान्हे असेल तर खास प्रशिक्षण घेतलेली सुईण येते. या कामाची बातमी होत नाही.

मग बर्लिनच्या त्या प्रकरणाचे काय, असे कोणी विचारेल, आणि ते रास्त आहे. फौजदारी चौकशी दोषी कोण हे शोधते. कुटुंब न्यायालयाला मूल उद्या सुरक्षित राहील का हे पाहायचे असते. त्यामुळे एकीकडे आरोप नाही आणि दुसरीकडे ताबाही नाही, हे कायद्यात बसते. मात्र इथल्या व्यवस्थेचा खरा दोष त्यापुढे सुरू होतो, आणि तो काळाचा आहे. खटला रेंगाळतो, तज्ज्ञांचे अहवाल येत राहतात, तोवर मूल दुसऱ्या घराला, दुसऱ्या भाषेला रुळते; मग रुळलेले मूल हलवू नका, हाच युक्तिवाद होतो. न्यायालयाने घेतलेला वेळ असा पालकांच्या विरोधात पुरावा ठरतो. ही तक्रार फक्त भारतीयांची नाही. डिसेंबर 2001 मध्ये एका जर्मन कुटुंबाची सात मुले हलवली गेली, त्यातले नवजात बाळ तर थेट रुग्णालयातून. स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने 2004 मध्ये जर्मनीला दोषी धरले. पालक-मुलाच्या देखरेखीखालील भेटीत त्यांची स्वतःची भाषा बोलू न देण्यावर युरोपीय संसदेने नोव्हेंबर 2018 च्या ठरावात बोट ठेवले. पण उलटी बाजूही आहे. ऑक्टोबर 2006 मध्ये ब्रेमेनमध्ये दोन वर्षांचा मुलगा फ्रिजमध्ये मृतावस्थेत सापडला. त्याचे कायदेशीर पालकत्व खात्याकडेच होते आणि तरी त्याला आईच्या साथीदाराकडे राहू दिले होते. शहर-राज्याच्या समाजकल्याण मंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. 2012 चा बालसंरक्षण कायदा अशा मृत्यूंच्या सावलीत आला. या खात्याला घाई केल्याचेही पाप लागते आणि न केल्याचेही. अशा कात्रीतल्या माणसांचा राग करण्यापेक्षा त्यांच्या हाती तिसरा पर्याय किती भक्कम आहे, हे पाहणे अधिक उपयोगाचे.

आपल्याकडे एकत्र कुटुंब आहे, आजी-आजोबा आहेत, सरकारने उंबऱ्याच्या आत कशाला यावे, हा आक्षेप घरोघरी ऐकू येतो. आजी हा खरोखरच मधला मार्ग आहे, आणि स्वस्तही. पण ऊसतोडीला गेलेल्या जोडप्याच्या मागे राहिलेल्या थकलेल्या आजीला कोणाचा आधार? शिवाय सरकार आत आलेलेच आहे. 2015 च्या बालन्याय कायद्याने जिल्ह्यात बाल कल्याण समिती दिली, सापडलेले मूल 24 तासांत तिच्यासमोर न्यायचे बंधन घातले, मुलांसाठी 1098 हा मदतीचा क्रमांक आहे. कागदावर आपण जर्मनीच्या फार मागे नाही. मुलांवरचा लैंगिक अत्याचार कळवणे तर पोक्सो कायद्याने सक्तीचे केले आहे. इथे जर्मनीत सर्वसामान्य नागरिकावर तशी सक्ती नाही. पण आपल्याकडे उचललेले मूल बहुतेकदा जाते कुठे? संस्थेत. जून 2025 अखेर छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागातल्या मुलींच्या बालगृहातून नऊ मुली पळाल्या आणि आत छळ होतो, असे त्यांनी उघडपणे सांगितले. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. ज्यांना घरातल्या संकटातून सोडवायचे, त्यांच्यासाठी हे आगीतून फुफाट्यात होते.

जर्मनीसारखा पैसा आपल्याकडे नाही, हे खरेच. तरी मूल संस्थेत जाऊ नये म्हणून कुटुंबालाच मदत देण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. बालसंगोपन योजनेत एका मुलामागे महिन्याला 2,250 रुपये मिळतात, केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये 4,000. ही मदत मुख्यतः पैशाची. दारू पिणाऱ्या बापाच्या किंवा खचलेल्या आईच्या घरी आठवड्यातून दोनदा जाऊन बसणारे माणूस नेमायचे, तर त्यासाठी लागणारा पगार पुन्हा एक बालगृह चालवण्याच्या खर्चाशी ताडून पाहावा लागेल, आणि तो हिशेब जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे कोणी मागितल्याचे ऐकिवात नाही.