सरपणाची पारख : तोलाची, उष्णतेची आणि जयणेची

चंद्रपूर आणि गडचिरोली हे आजचे दोन जिल्हे २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत एकच होते, आणि जंगलाच्या दृष्टीने ते आजही एकच आहेत. आलापल्ली आणि बल्लारपूर ही नावे सागवानामुळे देशभर परिचित झाली. अयोध्येच्या श्रीराम मंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये येथूनच सागवान रवाना झाले. इमारती लाकडाची प्रत, गाठ आणि धागा ओळखणारी नजर या भागात सहज सापडते. जळाऊ लाकडाची तितक्याच काळजीने पारख करणारा मात्र विरळा. स्वयंपाक गॅसवर आला, तरी पाणी तापविण्याचा बंब, पाणी उकाळण्याची अंगणातील चूल आणि लग्नकार्यातील आचाऱ्याची भट्टी अजून अनेक घरांत पेटते. तेथे कोणते लाकूड जाते, हा प्रश्न पैशाचा आहे, आरोग्याचा आहे आणि आपल्या आचाराचाही आहे.

पाण्याला लाकडाचा भाव

नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असू शकते. चांगल्या वाळलेल्या सरपणात ते वीस टक्क्यांच्या आत यावे लागते. व्यापारी कुटुंबाला हा हिशेब समजावून सांगण्याची गरज नाही. एक क्विंटल ओले लाकूड घेतले, तर पन्नास किलो लाकूड आणि पन्नास किलो पाणी घरी येते. चूल पेटल्यावर त्या पाण्याची वाफ करण्यातही उष्णता खर्च होते. म्हणून वाळलेल्या लाकडाचा भाव १०० धरला, तर तेवढ्याच वजनाच्या ओल्या लाकडाची उष्णतेच्या मोलाने किंमत ५५ ते ५६ च्या आसपास ठरते. टालावर ओले लाकूड थोडे स्वस्त मिळाले म्हणून आनंद मानणाऱ्याने हे गणित एकदा मांडून पाहावे.

नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. ओले लाकूड जळत नाही, धुमसते. त्याचा धूर घरात कोंडतो आणि चुलीपाशी बसणाऱ्या स्त्रियांच्या व लहान मुलांच्या छातीत जातो. घरातील अशा धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभर सुमारे ३२ लाख मृत्यू झाल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

वाळलेले लाकूड कसे ओळखावे

वाळलेल्या लाकडाच्या टोकांना केंद्राकडून बाहेर जाणाऱ्या भेगा पडतात, साल सैल होऊन सुटू लागते, रंग उतरतो. दोन कांडकी एकमेकांवर आपटली, तर खणखणीत आवाज येतो. ओल्या लाकडाचा आवाज बद्द असतो. जळताना टोकातून फेस आला, तर ते लाकूड अजून कच्चे आहे असे समजावे.

सर्वांत खात्रीची कसोटी मात्र तराजूची आहे. नव्या सरपणातील दोन-तीन कांडक्यांवर खूण करून त्यांचे वजन लिहून ठेवावे आणि दर आठवड्याला पुन्हा तोलावे. वजन घटणे थांबले, की लाकूड त्या हवेत जितके वाळायचे तितके वाळले.

जातीचाही विचार हवा. धावडा जड आणि घट्ट. त्याचा निखारा दीर्घकाळ टिकतो, पण त्याचा जाड ओंडका न फोडता ठेवला, तर एका उन्हाळ्यात आतून वाळत नाही. ऐन आणि बाभूळ हेही उत्तम जळण. पळस आणि सालई हलकी. लवकर पेटतात आणि लवकर संपतात. त्यांचा उपयोग पेटवणीपुरता करावा.

वैशाखाचे ऊन, मृगाआधीचे छप्पर

चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. हे ऊन सरपणासाठी मात्र वरदान आहे. माघ-फाल्गुनात लाकूड घ्यावे, मनगटाएवढ्या जाडीचे फोडावे आणि विटांवर किंवा दगडांवर, जमिनीपासून वीतभर उंच, हवा खेळेल अशा रीतीने रचावे. वैशाख संपेतो ते तयार होते. मृग लागण्यापूर्वी वरून छप्पर घालावे. बाजू मात्र उघड्या ठेवाव्यात. सर्व बाजूंनी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या लाकडाला आतून घाम सुटतो आणि बुरशी धरते.

जयणा

हा क्रम आपल्या आचाराशीही जुळतो. आषाढात चातुर्मास सुरू होतो, त्या वेळी जीवोत्पत्ती सर्वाधिक असते. ओलसर, जमिनीला टेकलेल्या लाकडात वाळवी, घुण, मुंग्या, विंचू सारेच आश्रय घेतात. असे लाकूड न पाहता चुलीत सारणे म्हणजे त्या जीवांना आगीत लोटणे होय. लाकूड आदल्या दिवशी उजेडी काढावे, हलके आपटावे, पुंजणीने साफ करावे. खाली पांढरा भुसा पडत असेल, तर ते कांडके बाजूला सावलीत ठेवून द्यावे, जाळू नये. जुने आधी, नवे नंतर, हा नियम पाळल्यास किडीला मुक्कामच मिळत नाही.

श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत अंगारकर्म आणि वनकर्म ही पहिली दोन आहेत. सरपणाची उधळपट्टी करताना या क्रमाचे स्मरण राहावे.

लाकूड कोठून आले?

या भागातील रहिवाशांना पूर्वीपासून निस्तार हक्क आहेत, आणि निस्तार डेपोतून जळाऊ बीट मिळण्याची व्यवस्था आहे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. जंगल वापरणाऱ्यानेच ते राखावे, हा विचार त्या गावाने देशापुढे ठेवला. दुसरीकडे ताडोबाच्या परिसरात सरपणाची मोळी आणण्यास जंगलात गेलेल्या अनेकांवर वाघाचे हल्ले झाले आहेत. दारावर स्वस्तात आलेल्या मोळीमागे असा जीवघेणा फेरा असू शकतो.

म्हणून सरपण पावतीसह डेपोतून किंवा परवानाधारक टालावरून घ्यावे. शेताच्या बांधावरचे झाड तोडायचे असेल, तर साग, मोह, चिंच, आंबा यांसारख्या झाडांना १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानुसार परवानगी लागते, हे विसरू नये. तोडण्यापेक्षा छाटणीच्या फांद्या आणि सुबाभळीचे लाकूड वापरणे अधिक निर्दोष.

लग्नाचे आमंत्रण छापण्यापूर्वी मंगल कार्यालय आणि आचारी ठरतात. त्याच वेळी आचाऱ्याला किती सरपण लागेल ते विचारून, ते आगाऊ घेऊन वाळवून ठेवले, तर वजनाने जवळजवळ अर्धेच लागेल. जेवढी झाडे वाचतील तेवढा पैसा वाचेल, आणि स्वयंपाकघरात बसणाऱ्यांचे डोळे कोरडे राहतील.