दानासही डोळे असावेत

आमच्या तरुणपणी घरोघरी पोस्टकार्डे येत : ‘हा मजकूर अकरा जणांस लिहा, देवी प्रसन्न होईल, न लिहाल तर अनर्थ ओढवेल.’ आता भ्रमणध्वनीवर संदेश येतात आणि भीतीची जागा करुणेने घेतली आहे. ‘आजारी बालकासाठी हा संदेश पुढे धाडा, प्रत्येक संदेशामागे एक रुपया मिळेल,’ असे वाचून आम्हीही एकदा तो श्रद्धेने धाडला. पुढे कळले की असे संदेश मोजून कोणी पैसे देत नसते. बालकास काहीच पोचले नाही. आम्हांस मात्र दानाचे फुकट समाधान लाभले!

म्हणून काय हात आखडावा? २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले, तेव्हाची हाक खरीच होती. परंतु खऱ्या हाकेच्या आडूनच ठक येतो. २०२० साली पंतप्रधानांच्या साहाय्यनिधीच्या देयक-पत्त्यातील एक अक्षर गाळून बनावट पत्ता पसरविला गेला होता.

गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानास देश, काल आणि पात्र यांची कसोटी सांगितली आहे. तीच येथे लावावी. देश : साहाय्य नेमके कोठे हवे? काल : आवाहनावर तारीख आहे काय? पात्र : संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे काय, खाते तिच्याच नावे आहे काय, पावती मिळते काय? संदेशातील क्रमांकावर न विसंबता स्वतः शोधलेल्या क्रमांकावर विचारावे.

गणराय बुद्धिदाता आहे. यंदा त्याच्यापुढे उदार हाताबरोबर विवेकही मागू या.