‘चाळीसपट’ म्हणजे नेमके किती? लांब झूमच्या छोट्या कॅमेऱ्यांविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

खिशात मावणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्याच्या खोक्यावर ‘४० पट झूम’ असे छापलेले असले की दूरची वस्तू चाळीसपट मोठी दिसेल, अशी समजूत सर्रास करून घेतली जाते. वास्तविक हा आकडा म्हणजे भिंगसंचाच्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान नाभीय अंतरांचे केवळ गुणोत्तर असते. नाभीय अंतर लहान असेल तर चौकटीत रुंद दृश्य मावते, आणि ते वाढत जाईल तसतसा त्या दृश्याचा लहान लहान तुकडा चौकट व्यापू लागतो. २०१८ मध्ये आलेल्या कॅनन पॉवरशॉट एसएक्स७४० एचएस या सुमारे ३०० ग्रॅम वजनाच्या कॅमेऱ्याचे समतुल्य नाभीय अंतर, म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या मापात रूपांतरित केलेले अंतर, २४ ते ९६० मिमी आहे, आणि ९६० ला २४ ने भागले की ४० येतात. परंतु साध्या डोळ्यांच्या दृश्याशी जवळचे मानले जाते ते ५० मिमीचे भिंग, त्यामुळे डोळ्यांच्या तुलनेत हा कॅमेरा दूरचे दृश्य सुमारे १९ पटच जवळ आणतो. दोन कॅमेऱ्यांची तुलना करताना पटींपेक्षा मिलिमीटरमधील दोन्ही टोके पाहणे म्हणूनच अधिक योग्य ठरते.

एवढे लांब भिंग एवढ्याशा कॅमेऱ्यात बसते कसे, याचे उत्तर सेन्सरमध्ये, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या पृष्ठभागात आहे. या कॅमेऱ्याचे खरे नाभीय अंतर अवघे ४.३ ते १७२ मिमी असते. सेन्सर अत्यंत लहान असल्यामुळेच ते ९६० मिमीइतके परिणामकारक ठरते. त्या सेन्सरला ‘१/२.३ इंची’ म्हणतात, पण हे माप अक्षरशः घेणे चुकीचे आहे, कारण ही पद्धत जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतील काचनळ्यांच्या बाहेरील व्यासावरून आलेली असून सेन्सरचा खरा आकार सुमारे ६.२ × ४.६ मिमी, म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या चौकटीच्या क्षेत्रफळाचा जेमतेम तिसावा हिस्सा असतो. सेन्सर मोठा केला तर झूम आखडावा लागतो: पॅनासोनिकच्या २०१६ मधील टीझेड१०० या छोट्या कॅमेऱ्यात सुमारे चौपट क्षेत्रफळाचा सेन्सर आहे, पण झूम दहापटच.

मेगापिक्सेल जितके अधिक तितका दूरचा तपशील अधिक, हा गैरसमज सर्वांत चिवट आहे आणि ग्राहकाची सर्वाधिक निराशाही तोच करतो. एसएक्स७४० एचएसच्या सेन्सरवर सुमारे २ कोटी पिक्सेल असल्याने प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम १.२ मायक्रोमीटर रुंदी येते (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). झूम पूर्ण ताणल्यावर त्याचे छिद्र एफ/३.३ वरून एफ/६.९ पर्यंत अरुंद होते, म्हणजे सेन्सरवर पडणाऱ्या प्रकाशाची तीव्रता चौथाईहूनही खाली येते. शिवाय अरुंद छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो, ज्याला विवर्तन म्हणतात, आणि त्यामुळे एका बिंदूची प्रतिमा सुमारे ९ मायक्रोमीटर व्यासाच्या चकतीएवढी होते. ही चकती रुंदीला सात-आठ पिक्सेल व्यापत असेल, तर पिक्सेलची संख्या वाढवून तपशील वाढणार नाही, हे उघड आहे. हा प्रकाशाचाच नियम असल्यामुळे कोणत्याही निर्मात्याला तो ओलांडता येत नाही.

भिंगाचा, म्हणजे ऑप्टिकल, झूम संपल्यावर सुरू होणारा डिजिटल झूम हा झूम नव्हेच: त्यात मधला भाग कापून ताणला जातो, आणि दुप्पट डिजिटल झूममध्ये २ कोटींपैकी ५० लाख पिक्सेलच खरे उरतात.

स्थिरीकरण असले की छायाचित्र हलत नाही, हे विधान अर्धेच खरे आहे. स्थिरीकरणात भिंगाचा एक घटक हाताच्या कंपाच्या उलट दिशेने सरकवला जातो, त्यामुळे ९६० मिमीला जिथे सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका जलद शटर लागतो, तिथे तीन ‘स्टॉप’च्या मदतीने, म्हणजे आठपट सवलतीने, १/१२५ सेकंदही पुरतो. मात्र तेवढ्या वेळात मान वळवणारा पक्षी पुसटच येईल, कारण हे तंत्र छायाचित्रकाराचा हात सावरते, पक्ष्याची हालचाल नव्हे.

दूरचे चित्र मऊ आले की दोष भिंगाला दिला जातो, पण पुष्कळदा तो मधल्या हवेचा असतो. भिगवणला उजनीच्या पाण्यावरील रोहित पक्षी ऊन चढल्यावर टिपले तर तापलेल्या हवेच्या थरांमधून वाकत आलेला प्रकाश त्यांच्या कडा लाटांसारख्या थरथरवतो, आणि या थरथरीपुढे महागडे भिंगही हतबल असते. तेच पक्षी पहाटेच्या थंड हवेत, थोडे अधिक जवळून, याच छोट्या कॅमेऱ्यात कितीतरी रेखीव उतरतात.